ऑइल खाणारा जुना ट्रॅक्टर आणि पंधरा हजारांचं बजेट: प्रकल्प नोंदी

ट्रॅक्टर काकांचा. तीन सिलिंडर, ३५ एचपी, वेट लायनर (सिलिंडरची बदलता येणारी नळी, बाहेरून पाणी लागणारी), बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ९५ मिमी. शेत बेटम्याजवळ. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो आणि पीथमपूरला एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतो, त्यामुळे बोअर गेज आणि मायक्रोमीटर सुटीच्या दिवसापुरते मागून आणता येतात. ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथलं बहुतेक कुठल्याही जुन्या तीन-चार सिलिंडरच्या इंजिनाला लागू पडेल. मापं मात्र आपापल्या मॅन्युअलमधूनच घ्या.

गावातल्या उस्तादांनी पूर्ण इंजिन बांधून द्यायचे ४२,००० सांगितले. काकांनी १५,००० वर बोट ठेवलं. "त्याच्यावर गेलं तर विकून टाकीन," म्हणाले. हे ते दर उन्हाळ्यात म्हणतात.

८ फेब्रुवारी २०२५

आज फक्त मोजायची सोय लावली. "रोज लोटाभर ऑइल लागतं" या हिशोबावर काही ठरवता येत नाही. तास मोजणारं मीटर कधीच बंद पडलेलं, म्हणून डिझेललाच घड्याळ केलं. टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि १०० लिटर डिझेल जळेपर्यंत किती ऑइल घातलं ते लिहायचं.

ऑइलची पातळी रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, एकाच जागी बघायची. शेडमध्ये चाकांखाली चुन्याच्या रेघा मारल्या, कारण जमीन थोडी कलती असली तरी डिपस्टिक पाव लिटरचा फरक दाखवते. ऑइल कॅनमधून अंदाजाने ओतायचं नाही, मापाच्या बाटलीतूनच घालायचं. गड्याला वही दिली. त्याने पहिल्याच दिवशी त्यात बटाट्याच्या कट्ट्यांचा हिशोब लिहिला, म्हणून दुसरी वही डिपस्टिकशेजारी सुतळीने बांधून ठेवली.

२३ फेब्रुवारी

बटाट्याच्या ट्रॉल्या चोइथराम मंडीला गेल्या, १०० लिटर डिझेल जळलं. ऑइल लागलं २.१ लिटर, म्हणजे डिझेलच्या २.१ टक्के. धड इंजिन अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. एक टक्क्याच्या वर गेलं की मेकॅनिक इंजिन उघडायची भाषा करतात. आपण दुप्पट पुढे आहोत.

उस्ताद म्हणाले, "भिया, रिंग-पिस्टन मंगवा लो, झंझट खतम." पण जळणारं ऑइल आणि गळणारं ऑइल यांचा हिशोब वेगळा आहे, आणि गळतीचा इलाज शंभर-दोनशेत होतो. म्हणून सुरुवात बाहेरून.

इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतलं, मग साबणाच्या पाण्याने, आणि उन्हात वाळवलं. सगळ्या सांध्यांवर खडूची पूड फुंकली आणि ट्रॉली जोडून तासभर चालवलं. पांढऱ्या पुडीवर ओल लगेच दिसते. टॅपेट कव्हरची मागची बाजू, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राच्या) प्लगचा वॉशर आणि फिल्टरची बैठक, तिन्ही ठिकाणी गळती. शिवाय क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतात, म्हणजे क्रँकचं मागचं सील. ते बदलायला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. ते या बजेटमध्ये नाही.

मग ब्रीदर काढला. आतली जाळी काजळी आणि चिकट मळाने बंद. ब्रीदर बंद असला की पिस्टनभोवतीच्या रिंगांवरून खाली उतरलेल्या वायूला वाट मिळत नाही, चेंबरमध्ये दाब होतो आणि तो प्रत्येक सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. जाळी डिझेलमध्ये भिजवून धुतली. मागच्या सीलचे थेंब तेवढ्यानेच निम्म्यावर आले. गॅस्केट, वॉशर, फिल्टरचं रबर मिळून १९० रुपये.

९ मार्च

नवा आकडा १.७.

आज एअर क्लीनर. ऑइल बाथचा आहे, खालच्या वाटीत ऑइल असतं आणि त्यावर खुणेची रेघ. वाटीत ऑइल रेघेच्या बोटभर वर. गड्याचं म्हणणं, जास्त ऑइल म्हणजे जास्त धूळ अडणार. तसं होत नाही. रेघेच्या वरचं ऑइल हवेबरोबर उचललं जातं आणि सरळ सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. निळा धूर दिसतो आणि बिचाऱ्या रिंगांना शिव्या बसतात. वाटीत खाली दोन बोटं काळा गाळ. तो खरवडून काढला आणि रेघेपर्यंतच ऑइल भरलं.

खरी भानगड पुढे निघाली. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी होझ वरून ठणठणीत दिसतो. तो काढून वाकवला, तर खालच्या वळणावर बोटभर चीर. मॅनिफोल्डच्या तोंडात पांढरं फडकं घालून फिरवलं. बाहेर आलं ते तपकिरी, आणि बोटांत चोळलं तर कचकच लागली. ही आमच्याच शेतातली माती, फिल्टरला वळसा घालून इंजिनात जात होती. किती हंगाम, कोण जाणे.

हे इंजिन का झिजलं, याचं उत्तर मला इथे मिळालं. उन्हाळ्यात काळ्या मातीवर कल्टिव्हेटर चालतो तेव्हा ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीच्या ढगात असतो. ती धूळ रिंग आणि लायनरच्या मध्ये गेली की तिथे पॉलिश पेपर फिरतो. हा होझ न बघता कुणी ४२,००० घालून इंजिन बांधलं असतं, तर दोन-तीन हंगामांत पुन्हा हीच अवस्था झाली असती. ज्यांना ही नोंद अर्धीच वाचायची आहे त्यांनी निदान इथे उठून आपला होझ काढून वाकवून बघावा. न काढता, नुसता बघून, चीर दिसत नाही.

नवा होझ आणि सियागंजातून स्क्रूच्या दोन चांगल्या क्लिपा, ३४० रुपये. जुन्या तारेच्या क्लिपा फेकल्या. त्या एका बाजूने ढिल्याच राहतात.

१९ मार्च, रंगपंचमी

कारखान्याला सुट्टी. राजवाड्याकडचे रस्ते गेरमुळे (रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे) बंद, सगळी बाजारपेठ रंगात, म्हणून सकाळीच शेतावर आलो.

वहीत आकडा ०.८. काका खूश, पेढे आणतो म्हणाले. मला तो आकडा पटेना. एका होझने आणि वाटीतल्या गाळाने ऑइल निम्म्यावर येत नाही. वही नीट बघितली तर एका सकाळी पातळी आदल्या दिवसापेक्षा वर. ऑइल आपोआप वाढत नाही.

डिपस्टिकचा थेंब बोटांत चोळला. पातळ, आणि डिझेलचा वास. एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला, तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरत गेलं. डिझेल चेंबरमध्ये उतरत होतं. म्हणजे वरून ऑइल जात होतं, खालून डिझेल येत होतं, आणि डिपस्टिक दोघांची बेरीज दाखवत होती.

आमच्याकडे टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप ब्लॉकवर बसलेला, डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा). डायफ्रॅम फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये. पंप उघडला, कडेला चीर होती. किट १८० रुपयांचं. बाजार बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी काकांनी बेटम्यातून आणलं. तोवर ट्रॅक्टर हलवायचा नाही असं गड्याला बजावलं, कारण असलं पातळ ऑइल बेअरिंगला धरून राहत नाही. ऑइल वाचवायच्या नादात क्रँक घालवायची नव्हती. ऑइल पूर्ण बदललं. तसंही सर्व्हिसचं आलंच होतं.

पेढे आले. ते खाल्ले.

६ एप्रिल

ताज्या १५डब्ल्यू-४० ऑइलवर खरा आकडा १.४.

आतापर्यंतचा खर्च ७१० रुपये, आणि २.१ चं १.४ झालं. वर्षाला साधारण १,५०० लिटर डिझेल जळतं, म्हणजे साडेदहा लिटर ऑइल वाचलं. उरलेलं जळतंच आहे. चढावर ट्रॉली ओढताना निळा धूर, आणि ऑइल भरायच्या झाकणातून वाफ. उस्तादांच्या भाषेत इंजिन बॅक मारतंय. झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवलं तर ते नाचतं.

काकांच्या एका मित्राने जाड ऑइल आणि धूर बंद करायच्या बाटलीचा सल्ला दिला. मला त्यात दम वाटत नव्हता, पण इंजिन उघडायचं तर मे महिन्यात, गव्हाचं सगळं आवरल्यावर. तोवर हेही मोजून होईल. चेंबरमधलं ताजं ऑइल स्वच्छ कॅनमध्ये काढून ठेवलं आणि जाड एसएई ४० ऑइल अधिक बाटली घातली. ऑइल १,९५०, बाटली ४५०.

२० एप्रिल

१.२५. धूर पहिल्या आठवड्यात खरंच कमी दिसला, नंतर होता तसा. ०.१५ टक्के म्हणजे वर्षाला सव्वादोन लिटर ऑइल. एका बाटलीची किंमत त्यातून सुटते, पण बाटली दर सर्व्हिसला घालायची. एप्रिलच्या गरमीतसुद्धा सकाळी स्टार्टर जड फिरत होता, डिसेंबरात तर बॅटरीच बसेल. ज्याला ट्रॅक्टर महिन्याभरात विकायचाय त्याच्या कामाची गोष्ट. जाड ऑइल काढलं, कॅनमधलं परत घातलं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब. पेट्रोल गाडीचं गेज इथे लावू नका. त्याचा काटा साधारण ३०० पीएसआयला संपतो आणि डिझेल इंजिन त्याच्या वर जातं. डिझेलचं गेज ओळखीच्या गॅरेजमधून आणलं, पण त्याचा अॅडॅप्टर नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) भोकात बसेना. एका मेलेल्या नोझलची बॉडी पोलोग्राउंडच्या लेथवर कापून, आटे पाडून अॅडॅप्टर करवून घेतला. ३०० रुपये.

इंजिन गरम, तिन्ही नोझल बाहेर, डिझेल बंद. पहिला ३६०, दुसरा ३४५, तिसरा २७०. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजतात. डिझेलमध्ये तो आकडा फसवा, कारण वरची जागाच इतकी लहान असते की ऑइलनेच ती भरते आणि दाब वाढलेला दिसतो. त्याऐवजी पिस्टन वर आणून, गिअरमध्ये अडकवून, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. तिसऱ्याला ब्रीदरमधून भसाभसा हवा. सायलेन्सरमधून थोडी, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे रिंगा आणि लायनर. गॅस्केट ठीक.

हीच चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटली. तिन्ही सिलिंडर सारखे झिजलेत हे उस्तादांनी आणि काकांनी गृहीतच धरलं होतं.

३ मे

हेड काढलं. उस्ताद आणि त्यांचा पोरगा मदतीला. पुशरॉड पुठ्ठ्यात भोकं पाडून क्रमाने खोचल्या.

लायनरच्या वरच्या टोकाला नखाला अडकेल अशी कड. रिंग तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून तेवढा भाग मूळ मापाचा राहतो. नवी रिंग त्या कडेवर आपटली की तुटते. बोअर गेजने कडेच्या लगेच खाली मोजलं, पहिल्याची झीज ०.११ मिमी, दुसऱ्याची ०.१२, तिसऱ्याची ०.२७.

जुन्या हिशोबाने ०.२० च्या वर लायनर बदलायचाच. नुसत्या नव्या रिंगांवर भागवायचं तर मी ०.१२ च्या पुढे जाणार नाही. म्हणजे तिसऱ्याला पूर्ण किट, बाकीच्या दोघांना होनिंग (लायनरची भिंत दगडाने घासणं) आणि रिंगा. उस्तादांना हे अजिबात आवडलं नाही. "काम आधा मत करो भिया, बदनामी मेरी होगी." त्यांचं बरोबरच आहे, गावात इंजिन त्यांच्याच नावावर चालतं. बंद पडलं तर मी जबाबदार, असं काकांसमोर कबूल केलं तेव्हा ते पुढे सरकले.

४ मे

चेंबर खाली घेतला, पिस्टन बाहेर. कड आधी एमरीने काळजीने उतरवली, नाहीतर पिस्टन वर ढकलतानाच रिंगांचं घर (पिस्टनवरची रिंग बसायची खाच) फुटतं.

तिसऱ्या पिस्टनची ऑइल रिंग हातात घेतली. तिच्या खाचा असतात, त्यांतून भिंतीवरचं ऑइल आत येतं आणि रिंगेमागच्या पिस्टनच्या भोकांतून खाली उतरतं. इथे खाचही नाही आणि भोकही नाही, सगळीकडे डांबरासारखी कडक काजळी. रिंग बोटाने दाबली तर हलेना. खरवडलेलं ऑइल परत जायला वाटच नव्हती. पहिल्या दोन पिस्टनची भोकंही अर्धी बंद. माझ्या मते जळणाऱ्या ऑइलचा मोठा वाटा इथला होता, लायनरच्या झिजेचा नंतर.

पिस्टन रात्रभर डिझेलमध्ये ठेवले. घरं साफ करायला जुनी रिंगच मोडून तिचं टोक वापरलं, रुंदी बरोबर तेवढीच असते. भोकं हाताने ड्रिल बिट फिरवून मोकळी केली, मशिन लावली नाही. घराची बाजू अॅल्युमिनियमची आहे. तिथे एक ओरखडा गेला की रिंग तिथून कायम गळते.

मग नवी रिंग घरात ठेवून फिलर गेज. पहिल्या पिस्टनचं वरचं घर ०.१२ मिमी ढिलं, चालेल. दुसऱ्याचं ०.२१. मी ०.१५ च्या पुढे जात नाही. ढिल्या घरात रिंग वरखाली होते आणि प्रत्येक फेरीला ऑइल वर चढवते, मग लायनर कितीही चांगला असो. लेथवाला म्हणाला, घर रुंद करून स्टीलची पट्टी बसवतो. ती पट्टी निघाली तर इंजिन जाईल. दुसरा पिस्टनही नवा घ्यायचं ठरलं आणि बजेट तिथेच हललं.

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांपैकी दोन वरच्या पाकळ्यांवर वरचा थर झिजून तांबं दिसत होतं. ढिलं बेअरिंग जास्त ऑइल उडवतं, ते लायनरवर बसतं आणि रिंगांना आवरत नाही. हा ऑइल खाण्याचा एक लपलेला रस्ता आहे. क्रँकची जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने बघितली, ०.०३ ने अंडाकृती, चालेल. स्टँडर्ड मापाच्या पाकळ्या ९५०.

१० मे

खरेदी. तिसऱ्यासाठी लायनर-पिस्टन किट ३,४००. दुसऱ्यासाठी पिन आणि रिंगांसकट पिस्टन १,७५०. पहिल्यासाठी रिंग सेट ६५०. गॅस्केट सेट १,३५०.

पहिल्या दुकानदाराने सेट फोडून द्यायला नकार दिला, दुसऱ्याने दिला. काउंटरवर छोटा डिजिटल काटा काढला आणि त्याच्याकडचे पिस्टन एकेक करून तोलायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, "भिया, सोना खरीद रहे हो क्या?" तीन सिलिंडरमध्ये एक पिस्टन जड असला तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंग मार खातं. जुना पहिला पिस्टन पिनसकट तोलून आकडा लिहून नेला होता. त्याच्या सगळ्यात जवळचे दोन निवडले. एक चार ग्रॅम जड, दुसरा सात. सातवाला पिनच्या गाठीच्या आतल्या बाजूने थोडा कानस मारून चारवर आणला. स्कर्टला किंवा वरच्या टोपीला कधी कानस लावू नये.

पहिल्याच्या रिंगा साध्या कास्ट आयर्नच्या घेतल्या, क्रोमच्या नाहीत. जुन्या, थोड्या झिजलेल्या लायनरवर त्या लवकर बसतात. आयुष्य कमी, पण हे इंजिन अजून दहा वर्षं चालवायचं कुणाच्याच मनात नाही.

१७ मे

तिसरा लायनर पुलरने ओढला. खालच्या रबरी रिंगांना ग्रीस न लावता साबणाचं पाणी लावलं, खनिज तेलाने काही रबरं फुगतात. लायनर हाताच्या दाबाने बसला, वरची उंची ब्लॉकच्या पातळीपासून मोजली, ०.०८ वर. छान वाटलं.

चेंबर लावण्याआधी ब्लॉकमध्ये पाणी भरून ठेवलं आणि खालून टॉर्च मारली. अर्ध्या तासाने लायनरच्या तळाशी एक थेंब, मग दुसरा. परत ओढला. खालच्या रबराला बारीक चीर. ब्लॉकमधल्या बैठकीच्या तोंडाशी गंजाची धारदार कपची होती, तिनेच कापलं. बैठक एमरीने गुळगुळीत केली, नवं रबर ९० रुपये, संध्याकाळी परत पाणी. रात्रभर कोरडं.

अर्धा दिवस गेला. पण हे पाणी चेंबर आणि हेड बसल्यावर, पेरणीच्या तोंडावर ऑइलमध्ये सापडलं असतं तर पूर्ण इंजिन परत खाली आलं असतं. वेट लायनरवाल्यांनी ही चाचणी गाळू नये.

१८ मे

पहिले दोन लायनर जागेवरच होन केले. क्रँकवर आधी कापड, त्यावर प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. २२० ग्रिटचे दगड, ड्रिल मशिन सगळ्यात हळू, रॉकेलची धार, आणि हात वरखाली अशा वेगाने की रेघा एकमेकींना तिरक्या छेदतील. ऑइल त्या रेघांमध्येच धरून राहतं. चकाकी गेली की थांबायचं. होनिंग म्हणजे माप बदलणं नव्हे. होनवाल्याचे ४००.

खरा वेळ धुण्यात गेला. उस्तादांचा पोरगा पेट्रोलचं फडकं फिरवून मोकळा होणार होता. पेट्रोलने वरचं तेल निघतं, दगडाची पूड रेघांतच राहते आणि पहिल्या दिवसापासून नव्या रिंगा खाते. गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर, ब्रशने, पुन्हा पुन्हा. मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवायचं. फडकं करडं आलं की परत धुणं. ते स्वच्छ यायला काकूंच्या जुन्या साडीचा बराच भाग लागला.

रिंगांचा गॅप (टोकांमधली फट) लायनरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात मोजायचा. वर झिजलेल्या भागात मोजून बरोबर केलात तर खाली टोकं एकमेकांना भिडतील. खाली ०.४० मिमी आला. वर तोच ०.७५, कारण व्यास ०.११ ने वाढला की परीघ तिपटीपेक्षा थोडा जास्त वाढतो. मला तो चालणार आहे. तिसऱ्याच्या जुन्या वरच्या रिंगेचा गॅप गंमत म्हणून नव्या लायनरमध्ये मोजला, २.४ मिमी.

दुसऱ्या रिंगेवर एका बाजूला 'टॉप' कोरलेलं असतं. ती बाजू वर. उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ओढते. पोराने एक उलटी घातली होती, उस्तादांनीच पकडली. रिंगांची तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर.

२५ मे

हेड मशिन शॉपमधून आलं. सहाही गाइड (वॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या) नवे, सीट कटिंग, दोन एक्झॉस्ट वॉल्व्ह, २,३००. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखा जोरदार खेच नसतो आणि गाइडमधून तेवढं ऑइल ओढलं जात नाही. पण आमचे एक्झॉस्टचे गाइड इतके ढिले होते की वॉल्व्ह डोळ्याला हलताना दिसायचा आणि पहिल्याच्या पोर्टमध्ये ओलं ऑइल होतं. हेड उघडलंच आहे तर सोडायचं नाही.

नोझल तपासून घेतले. तिसरा फवारण्याऐवजी टपकत होता. टपकणारं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं. तिसराच सिलिंडर का गेला, त्याचं निम्मं उत्तर बहुतेक हेच. टिप आणि तपासणी ४८०.

दुपारी चालू केलं. रिंगा ऑइलने भिजवलेल्या, म्हणून आधी निळा ढग. ऑइलचा दाब आला, पाणी गरम झालं, हेडचे नट परत कसले, टॅपेट लावले आणि लगेच ट्रॉली जोडली. उस्तादांचा रिवाज असा की नवं इंजिन दिवसभर आइडलवर ठेवायचं. मी नाही म्हटलं. रिंगांना लायनरवर दाबतो तो जळणाचा दाब. भार नसेल तर तो दाब नसतो, रेघांवर चकाकी चढते आणि रिंगा कधीच बसत नाहीत. अर्धी भरलेली ट्रॉली, मध्यम रेस, चढ आणि उतार. साधं खनिज १५डब्ल्यू-४०, फिल्टरसकट २,२५०. उस्ताद आणि पोराची मजुरी १,८००.

८ जून

पहिल्या १०० लिटरला १.१. काकांचा चेहरा बघण्यासारखा. "एवढं करून?" म्हणाले. मी रिंगा बसायचं सांगितलं, त्यांना ते बहाणा वाटलं. झाकण उलटं ठेवलं तर आता नाचत नाही, ते त्यांना दाखवलं. तेवढ्यावर विषय थांबला.

२९ जून

पेरणीची घाई, सोयाबीन बहुतेक आटोपली. कल्टिव्हेटर आणि सीडड्रिलच्या भारावर दुसरा आकडा ०.६. ऑइल आणि फिल्टर बदलला. फिल्टर कापून बघितला. बारीक चकचकीत पूड आहे, तुकडे नाहीत.

२७ जुलै

०.३५. चढावर धूर नाही. सकाळी चालू करताना थोडा निळा येतो आणि जातो.

खर्चाची बेरीज: बाहेरची कामं ७१०, इंजिन १५,७२०, मिळून १६,४३०. जाड ऑइल आणि बाटलीचे २,४०० वेगळे, ते गेले. सर्व्हिसला तसंही लागणारं ऑइल धरलेलं नाही. वर्षाला आधी साडेएकतीस लिटर लागत होतं, आता सव्वापाचच्या आसपास लागेल. लिटरला ३२० धरले तर वर्षाचे ८,४०० वाचतात, म्हणजे इंजिनाचा पैसा दोन वर्षांत सुटेल. त्यातले तीन हजारांवर तर पहिल्या ७१० रुपयांनीच वाचवले. काकांना वरचे १,४३० चांगलेच लक्षात आहेत. विकायची भाषा मात्र या वर्षापुरती बंद आहे.

गड्याला दोन कामं नेमून दिली. थ्रेशर किंवा उन्हाळी नांगरट असेल तेव्हा एअर क्लीनरची वाटी रोज बघायची, बाकी वेळी आठवड्याला. आणि दर सर्व्हिसला होझ काढून वाकवायचा.

क्रँकचं मागचं सील तसंच आहे, क्लच हाउसिंगखाली रात्रीतून रुपयाएवढा डाग पडतो. क्लच प्लेटही शेवटाला आलीय. दिवाळीनंतर गव्हाची पेरणी झाली की ट्रॅक्टर फोडायचा आणि दोन्ही एकदमच बदलायचं. उस्तादांनी त्याचे सहा हजार सांगितलेत, काका चार म्हणतायत.